माले विमानतळ प्रकरण: 27 डॉलरचं शुल्क आणि 27 कोटींचा हिशेब

मालेहून परदेशी उड्डाण करणाऱ्या प्रत्येक प्रवाशाकडून 25 डॉलर विकास शुल्क आणि वर 2 डॉलर विम्यापोटी घ्यायचे, असं एका करारात लिहिलेलं होतं. हे 27 डॉलर घ्यायचा अधिकार कोणाचा, एवढ्या प्रश्नावरून मालदीवच्या इतिहासातली सर्वांत मोठी म्हणून गाजलेली परकी गुंतवणूक, भारताच्या जीएमआर समूहाची, उधळली गेली. सिंगापूरच्या न्यायालयांनी चार दिवसांत एकमेकांच्या उलट दोन आदेश दिले आणि अखेरीस मालदीवने जवळपास 27 कोटी डॉलर मोजले. आकड्यांचा मेळ निव्वळ योगायोगाचा आहे, पण प्रकरण लक्षात ठेवायला बरा.

शेजारी देशांतल्या गुंतवणुकीच्या वादांवर बोलताना सहसा दोन सरकारांमधल्या गुंतवणूक-संरक्षण करारापासून सुरुवात होते. इथे भारत आणि मालदीव यांच्यात तसा करारच नव्हता. जे काही वाचलं ते एका कन्सेशन करारामुळे (म्हणजे ठरावीक वर्षं विमानतळ चालवायचा हक्क देणाऱ्या करारामुळे), आणि त्यातही एका उपकलमामुळे. म्हणूनच हे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखं आहे.

सौदा

हुलहुले हे बेट म्हणजेच विमानतळ. धावपट्टीची दोन्ही टोकं पाण्याला टेकलेली. 2018 मध्ये पूल होईपर्यंत राजधानीत जायचं तर टर्मिनलसमोरच्या जेट्टीवर धोणीत, म्हणजे तिथल्या होडीत, बसावं लागे. मालदीवची अर्थव्यवस्था पर्यटनावर उभी आहे आणि पर्यटकांचं मुख्य दार हेच. हे दार पंचवीस वर्षांसाठी परदेशी कंपनीकडे द्यायचं ठरलं, तेव्हाच वादाची ठिणगी पडली होती असं म्हणायला हरकत नाही.

अध्यक्ष मोहम्मद नशीद यांच्या सरकारने जागतिक बँक समूहातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाला सल्लागार नेमून निविदा मागवल्या. जीएमआर आणि मलेशिया एअरपोर्ट्स यांच्या गटाची निविदा पुढे आली. नव्या कंपनीत जीएमआरचा वाटा 77 टक्के आणि मलेशियन भागीदाराचा 23 टक्के. 28 जून 2010 रोजी सह्या झाल्या. दुसऱ्याच दिवशी नशीद यांच्या संपूर्ण मंत्रिमंडळाने राजीनामे दिले. विरोधकांचं बहुमत असलेली संसद कामच करू देत नाही, अशी त्यांची तक्रार होती. सह्यांची शाई वाळायच्या आत राजकीय हवामान असं होतं.

करारात एका बाजूला सरकारी विमानतळ कंपनी आणि मालदीवचं अर्थ मंत्रालय, तर दुसऱ्या बाजूला मालेत नोंदवलेली प्रकल्प कंपनी. प्रकल्प सुमारे 51.1 कोटी डॉलरचा. त्यातले 7.8 कोटी डॉलर सुरुवातीलाच सरकारला द्यायचे होते. पुढे विमानतळाच्या उत्पन्नातला 2014 पर्यंत 1 टक्का आणि नंतर 10 टक्के, इंधनविक्रीतले आधी 15 आणि नंतर 27 टक्के. कराराला कायदा इंग्लंडचा, वाद झाल्यास लवाद सिंगापूरला.

ही शेवटची दोन वाक्यं करार होताना कोणी फारशी वाचत नाही. सगळ्यांचं लक्ष टक्क्यांवर असतं. मी स्वतः मसुदा हातात आला की शेवटून वाचायला सुरुवात करतो. आधी तंटा कुठे सोडवायचा ते, मग करार संपला तर कोणाला काय मिळणार ते, आणि पैसे कमवायच्या गोष्टी सगळ्यात शेवटी. या प्रकरणात तशीच वाचणी केली तर पुढचं बरंच काही आधीच दिसतं.

शुल्क म्हणावं की कर

25 डॉलरची वसुली जानेवारी 2012 पासून सुरू व्हायची होती. त्याआधीच दिवेही कौमी पार्टी या विरोधी पक्षाने दिवाणी न्यायालयात दावा लावला. विमानतळावरच्या प्रवाशांकडून सेवा शुल्क घेण्याचा कायदा 1978 पासून आहे. त्यावर आणखी सक्तीची रक्कम घ्यायची तर तो कर झाला, आणि कर बसवायचा अधिकार संसदेचा, असा त्यांचा मुद्दा. डिसेंबर 2011 मध्ये न्यायालयाने तो मान्य केला.

भारतीय वर्तमानपत्रांत या निकालाकडे तेव्हा संशयाने पाहिलं गेलं. मला तो तसा वाटत नाही, आणि याचं कारण दिल्लीत सापडतं. एप्रिल 2011 मध्ये, म्हणजे मालेच्या निकालाआधी आठ महिने, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि मुंबई विमानतळांवरच्या विकास शुल्काबद्दल जवळपास हेच सांगितलं होतं. हे शुल्क सेवेचा मोबदला नसून कर किंवा उपकराच्या जातीचं आहे आणि कायद्याने दर ठरल्याशिवाय ते घेता येणार नाही, असा तो निर्णय होता. दिल्लीचा विमानतळ चालवणारा समूहही जीएमआरच, हे वेगळं सांगायला नको. घरच्या न्यायालयाने जो धोका दाखवला, तोच समुद्रापलीकडे उभा होता.

फरक एवढाच की दिल्लीत कायद्यात तरतूद होती, नियामक संस्था होती, तिच्याकडून दर ठरवून घेऊन गाडी पुन्हा रुळावर आणता आली. मालेत संसदेकडे जायचं तर तिथे बहुमत विरोधकांचं. त्यामुळे सरकारने आडवाट धरली. जानेवारी 2012 मध्ये सरकारी विमानतळ कंपनीने पत्र दिलं: प्रवाशांकडून पैसे घेता येत नाहीत ना, मग तेवढी रक्कम तुम्ही आम्हाला द्यायच्या कन्सेशन शुल्कातून वळती करून घ्या.

प्रवाशाच्या खिशातून जायचे ते पैसे आता सरकारच्या तिजोरीतून जाऊ लागले. कागदावर हिशेब जुळला, राजकारणात मात्र हे पत्र म्हणजे आयतं कोलीतच. 7 फेब्रुवारी 2012 ला नशीद पायउतार झाले (राजीनामा बंदुकीच्या धाकाने घेतला, असं ते नंतर सांगत राहिले). उपाध्यक्ष मोहम्मद वहीद अध्यक्ष झाले. पहिल्या तिमाहीचा हिशेब आला तेव्हा सुमारे 87 लाख डॉलरची अपेक्षा होती. वळती जाऊन हाती पडले सव्वापाच लाखांच्या आसपास. नव्या व्यवस्थापनाने ते पत्र मागे घेतलं. आधीच्यांना असं पत्र द्यायचा अधिकारच नव्हता, असं त्याचं म्हणणं. रस्त्यावर ‘जीएमआर परत जा’ असे फलक झळकू लागले.

‘मुळातच रद्दबातल’

27 नोव्हेंबर 2012 ला मंत्रिमंडळाने निर्णय जाहीर केला आणि कंपनीला विमानतळ सोडायला सात दिवस दिले. निर्णयातला शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. ‘करार संपुष्टात आणत आहोत’ असं सरकार म्हणालं नाही, तर करार मुळातच रद्दबातल होता असं म्हणालं. दोन्ही पक्षांनी विकास शुल्क घेता येईल असं गृहीत धरलं, ते गृहीतक चूक निघालं, म्हणून करार जन्मालाच आला नाही. आणि आला असलाच, तर दिवाणी न्यायालयाच्या निकालाने तो पाळणं अशक्य होऊन बसलं.

हा द्राविडी प्राणायाम का? करारात एक साधं दार होतं. 19.4.3 क्रमांकाच्या कलमाखाली सार्वजनिक हिताच्या कारणावरून करार संपवता येत होता. गुंतवणूकदाराची चूक दाखवायची गरज नव्हती. फक्त ठरलेल्या सूत्राप्रमाणे पैसे चुकते करायचे. ‘संपवतो’ म्हटलं की बिल येतं आणि ‘नव्हताच’ म्हटलं की येत नाही, असा सरकारी वकिलांचा हिशेब असावा.

सिंगापूर: चार दिवस

कंपनीने लवादाची तयारी सुरू केली. पण लवाद मंडळ बसून निकाल द्यायला वर्षं लागतात आणि विमानतळ तर आठवड्यात जाणार होता. म्हणून लवादाला पूरक अंतरिम आदेशासाठी कंपनी सिंगापूरच्या उच्च न्यायालयात गेली. 3 डिसेंबरला मनाई हुकूम मिळाला: मालदीव सरकार आणि त्याच्या विमानतळ कंपनीने कराराच्या अंमलबजावणीत ढवळाढवळ करू नये.

सरकारने तातडीने अपील केलं. 6 डिसेंबरला सरन्यायाधीश सुंदरेश मेनन यांच्या अध्यक्षतेखालच्या अपिली न्यायालयाने मनाई उठवली. त्याची कारणमीमांसा 2013 मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाली. शेजारी देशात पैसा घालणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावी, कारण तिच्यात ‘करार आहे ना, मग घाबरायचं कशाला’ या समजुतीचा निकाल लागतो.

पहिला प्रश्न होता, दुसऱ्या देशाच्या सरकारविरुद्ध असा आदेश देता येतो का. सिंगापूरच्या आंतरराष्ट्रीय लवाद कायद्यातल्या 12-अ कलमाने न्यायालयाला मालमत्ता आणि पुरावे टिकवण्यासाठी तातडीचे आदेश देता येतात. करारातून मिळालेला हक्क हीसुद्धा ‘मालमत्ता’ ठरू शकते, इथपर्यंत न्यायालय कंपनीच्या बाजूने गेलं. पण तो हक्क गमावल्याची भरपाई पैशाने होऊ शकत असेल तर त्याला मनाईचं कवच मिळणार नाही. विमानतळ चालवण्यातून कंपनीला मिळणार होता तो पैसा. तो उद्या लवाद मंडळ देऊ शकतं. मग आज विमानतळ अडवून ठेवायचा कशाला?

दुसरा मुद्दा मला अधिक मोलाचा वाटतो. ढवळाढवळ करू नका, हा आदेश ऐकायला सोपा आहे. पण विमानतळ चालवायचा तर सरकारी यंत्रणांचं सहकार्य रोज, पावलोपावली लागतं. जे सरकार ‘तुमचा करारच नाही’ म्हणतंय, त्याच्याकडून हे सहकार्य करवून घ्यायला सिंगापूरचं न्यायालय रोज लक्ष कसं घालणार? कुठली दिरंगाई नेहमीची आणि कुठली आदेशाचा अवमान, हे तिथून कसं ठरवणार? अंमलात आणता येणार नाही असा आदेश न्यायालय देत नाही.

7 डिसेंबरच्या मध्यरात्री मुदत संपली आणि सरकारी कंपनीने ताबा घेतला. उड्डाणं चालूच राहिली.

माणसांची रांग

कज्जा कंपनीचा, पण त्याच सुमाराला माले शहरात दुसरी एक रांग लागली होती, भारतीय उच्चायुक्तालयाच्या दारात. मालदीवचे लोक उपचारांसाठी मोठ्या संख्येने तिरुवनंतपुरम, बंगळुरू, चेन्नईला येतात. थोड्या दिवसांच्या पर्यटनासाठी त्यांना भारतात यायला व्हिसा लागत नसे आणि उपचारांसाठी येणारेही बरेचदा त्याच सवलतीवर निघत. 2012 च्या अखेरीस भारताने नियमावर बोट ठेवलं: उपचारांसाठी जायचं तर वैद्यकीय व्हिसा हवा. अक्षराला अक्षर लावलं तर नियम तसाच होता. पण इतकी वर्षं चालत आलेली ढील एका आठवड्यात आवळली की आजारी आईला घेऊन निघालेल्या माणसाला कागदांची पिशवी सांभाळत फुटपाथवर उभं राहावं लागतं.

विमानतळाशी याचा संबंध भारताने अधिकृतपणे जोडला नाही. पुढे केलेला मुद्दा वेगळा आणि खरा होता: मालदीवमध्ये काम करणाऱ्या भारतीय कामगारांचे, शिक्षकांचे पासपोर्ट मालक स्वतःकडे ठेवून घेतात, मायदेशी परतायला अडवतात. कामगाराचा पासपोर्ट दडपणं बेकायदा आहे आणि ही तक्रार जुनी होती. तिला त्याच महिन्यात धार यावी, याचा अर्थ मालेतल्या लोकांनी लावायचा तोच लावला.

गुंतवणुकीचा वाद सोडवायला दोन देशांमध्ये स्वतंत्र चौकट नसली की तो असा शेजारच्या खोलीत शिरतो. दोन मोठे दूरचे देश असते तर आयातकर किंवा कर्जाची अट पुढे आली असती. शेजाऱ्यांमध्ये व्हिसा, औषधोपचार, रोजच्या वस्तूंचा कोटा हे हाताशी असतं. (मालदीवला तांदूळ, साखर, कांदे, वाळू-खडी ठरावीक प्रमाणात पुरवण्याची व्यवस्था 1981 च्या व्यापार करारापासून चालत आली आहे.) व्हिसा देणं न देणं हा सार्वभौम अधिकार आहे, त्याला कुठल्याही लवादात आव्हान नाही. म्हणून तो वापरायला सोपा, आणि ज्याचा कराराशी काडीचा संबंध नाही त्याला बसणारा.

निवाडा, आणि त्याला लागलेलं कुंपण

लवाद मंडळाने 18 जून 2014 ला उत्तरदायित्वाचा निवाडा दिला. करार वैध आणि बंधनकारक होता. चुकीच्या गृहीतकाने तो रद्दबातल ठरला नाही, न्यायालयाच्या निकालाने अशक्यही झाला नाही. सरकार आणि विमानतळ कंपनी यांनी तो अन्यायाने झिडकारला, म्हणून नुकसानीला दोघं मिळून आणि वेगवेगळे जबाबदार. शिवाय खर्चापोटी 40 लाख डॉलर.

कंपनीची मागणी 80 कोटी डॉलरच्या वरची होती. पंचवीस वर्षांत जो नफा झाला असता, तो सगळा त्यात धरलेला. इथे मंडळाने हात आखडता घेतला. भरपाई 19.4.3 कलमाखाली करार सार्वजनिक हितासाठी संपवला असता तर जेवढी मिळाली असती, तेवढ्यापुरतीच.

वरवर हे विचित्र वाटतं. सरकारने ते दार वापरलंच नव्हतं, भिंत फोडून बाहेर पडलं. मग दाराचा दर त्याला का लावायचा? पण इंग्लिश करार कायद्याचा हा जुना दंडक आहे. भरपाई मोजताना समोरच्याने करार पाळला असता तर तुमची स्थिती काय असती, हे पाहायचं, आणि करार पाळण्याचे अनेक मार्ग असतील तर त्याला सगळ्यात स्वस्त पडणारा मार्ग त्याने घेतला असता असं धरायचं. कायदेशीरपणे बाहेर पडायचा मार्ग करारातच होता. म्हणजे पंचवीस वर्षांचा नफा हा कंपनीचा हक्क कधीच नव्हता. तो सरकारची मर्जी असेपर्यंतचा होता.

2010 मध्ये हे कलम मान्य करताना कंपनीच्या बाजूने कोणी काय विचार केला असेल, कल्पना करता येते. यजमान सरकार असा हक्क मागणारच, नाही म्हटलं तर निविदा जाते, आणि सूत्र तर वाईट नाही. सूत्र खरोखरच वाईट नव्हतं. ऑक्टोबर 2016 मध्ये अंतिम रक्कम ठरली, व्याजासह जवळपास 27 कोटी डॉलर. कर्ज, भांडवल आणि त्या भांडवलावर 17 टक्के परतावा, शिवाय कायदेशीर खर्च यातून भागतो, असं कंपनीनेच जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात पैसे आले.

ते आले, हेच खरं तर नवल. परदेशी लवादाचे निवाडे अंमलात आणायची जागतिक व्यवस्था 1958 च्या न्यूयॉर्क करारावर चालते आणि मालदीव त्यात सामील झाला तो सप्टेंबर 2019 मध्ये. 2016 साली हा निवाडा घेऊन मालेच्या न्यायालयात जाण्यात फारसा अर्थ नव्हता. सदस्य देशांमध्ये मालदीवची मालमत्ता शोधून जप्त करायची, हाच रस्ता होता, आणि परक्या सरकारच्या मालमत्तेला हात लावताना सार्वभौम संरक्षणाचा अडसर येतो. तरीही सरकारने पैसे मोजले. त्याच विमानतळाच्या विस्तारासाठी त्याला परदेशातून मोठी कर्जं उभारायची होती. डोक्यावर व्याज चढणारा निवाडा ठेवून कर्ज मागायला जाणं परवडलं नसतं, असा माझा अंदाज.

गुंतवणूक-संरक्षण करार असता तर?

हा प्रश्न नेहमी येतो, आणि त्याचं सरधोपट उत्तर ‘बरं झालं असतं’ असं असतं. मला तसं वाटत नाही, निदान भारताच्या आजच्या धोरणाकडे पाहून. 2016 च्या भारतीय नमुना करारात परदेशी गुंतवणूकदाराने आधी यजमान देशातल्या न्यायालयांत आणि प्रशासनाकडे पाच वर्षं दाद मागावी, मगच आंतरराष्ट्रीय लवादाकडे जावं, अशी अट आहे. शिवाय करविषयक कायदे आणि उपाय या कराराच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत, आणि एखादी गोष्ट करविषयक आहे असं यजमान देशाने म्हटलं तर लवाद मंडळ त्यात शिरू शकत नाही. मालेचा वाद नेमका ‘हे शुल्क म्हणजे कर’ या वाक्यापासून सुरू झाला होता. म्हणजे पाच वर्षं मालेच्या न्यायालयांत काढून दारापाशी पोचल्यावर ‘हा कराचा विषय आहे’ अशी पाटी दिसण्याची शक्यता बरीच.

भारताने हा नमुना परदेशी कंपन्यांनी आपल्यावर लावलेले दावे डोळ्यांपुढे ठेवून बनवला, आणि 2017 च्या सुमाराला जुने बहुतेक करार संपवायच्या नोटिसा दिल्या. यजमान म्हणून ते समजण्यासारखं आहे. पण माले, काठमांडू, कोलंबोत पैसा घालणाऱ्या भारतीय कंपनीच्या बाजूने पाहिलं तर तीच ढाल उलटी धरलेली दिसते. तिच्यासाठी भरवशाचं राहतं ते स्वतः वाटाघाटी करून घेतलेलं तिसऱ्या देशातल्या लवादाचं कलम.

त्यानंतर

विमानतळाची नवी धावपट्टी चिनी कंपनीने बांधली, चीनच्या एक्झिम बँकेच्या कर्जावर, आणि 2018 मध्ये ती वापरात आली. भारतही परतला, पण निराळ्या वाटेने. उत्तरेकडच्या हनिमाधू विमानतळाचं काम भारतीय कंपनीला मिळालं ते भारताच्या एक्झिम बँकेच्या कर्जातून, ठेकेदार म्हणून. यात उत्पन्नाचा वाटा नाही, पंचवीस वर्षांचा ताबा नाही, प्रवाशाकडून काही घ्यायचं नाही. काम करायचं, बिल घ्यायचं. व्हिशाची गोष्टही अखेर लेखी झाली. डिसेंबर 2018 मध्ये दोन्ही देशांनी पर्यटन, व्यवसाय, शिक्षण आणि उपचारांसाठीच्या प्रवासाचे नियम सुलभ करणारा करार केला, तो मार्च 2019 पासून लागू झाला.

हुलहुलेच्या विमानतळाला जानेवारी 2017 मध्ये वेलाना हे नाव मिळालं. त्याच वर्षी 1 मेपासून तिथून निघणाऱ्या परदेशी प्रवाशाच्या तिकिटात ‘विमानतळ विकास शुल्क’ नावाची एक ओळ वाढली. रक्कम 25 डॉलर. या वेळी ते संसदेने केलेल्या कायद्याने आलं होतं.